दुधीच्या मानेवरची दोन नखं

प्रिय भिंगरी,

अक्षर माझ्या नातीचं आहे, शब्द माझे आहेत. निदान मी तिला तसं बजावलंय. पोरगी शिकलेली आहे, त्यामुळे तिच्यावर माझा पुरता विश्वास नाही. मी चार वाक्यं बोलते आणि हिचं पेन दोन ओळींतच थांबतं, मग मधली दोन वाक्यं कुठं गेली? म्हणून दर थोड्या वेळानं मी तिला सगळं परत वाचून दाखवायला लावते. आत्ता ती हसतेय. हसू दे. ती हसली, हेसुद्धा मी तिला लिहायला लावलंय. माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, नाहीतर दुसऱ्याच्या हाताची गरज पडली नसती. तुला भिंगरी म्हणणारी आता जगात मी एकटीच उरले असेन, आणि मीही त्रेचाळीस वर्षं तशी हाक मारलेली नाही. मधल्या काळात दोन लग्नांत आपण समोरासमोर आलो, तेव्हा एकमेकींच्या चपला तेवढ्या नीट पाहून घेतल्या. तेव्हा आता ख्यालीखुशाली नंतर. आधी सरळ विचारते. रविवारी सकाळी माझ्या बाजारात येऊन दुधीला नखं लावून जातेस, ती तूच ना?

नाही म्हणायच्या आधी माझं ऐकून घे. हा बाजार कसला आहे ते तुला आता माझ्याइतकंच ठाऊक असणार, तरी सांगते. बंद पडलेल्या कारखान्याचं ते आवार, फाटकाशी गंजलेला वजनकाटा, आणि आत दर रविवारी शेतकरी आपापल्या गाड्या मागून उघडून बसतात. नियम एकच. ज्यानं पिकवलं त्यानंच विकायचं, घाऊक बाजारातून आणलेलं चालायचं नाही. गळ्यात बिल्ला घातलेली एक बाई त्यासाठी फिरत असते, पण तिचं सगळं लक्ष गाड्या सरळ रेषेत उभ्या आहेत की नाहीत याकडे. खरी तपासणी मी करते. तिसऱ्या ओळीतल्या गाजरवाल्याची गाजरं बघ एकदा. सगळी एका लांबीची, एका रंगाची, अंगाला मातीचा कण नाही. एका आईची इतकी सारखी पोरं कधी बघितलीस? मी त्याला सहज विचारलं, बाबा रे, पेरलीस कधी? तर म्हणतो, आजी, घ्यायची असतील तर घ्या. मी म्हटलं, घेते की, पण वाढदिवस कळला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी दिसले की तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला काहीतरी शोधायला लागतो. सांगायचा मुद्दा हा, की संशय घेणं हे माझं रविवारचं काम आहे आणि ते मी मन लावून करते. अशा माझ्या नजरेतून तू सुटशील असं तुला वाटलंच कसं?

पहिल्यांदा दिसलं त्याला आता पाच आठवडे झाले. दुधीवाला माहीत आहे ना, तो जाड मिशीचा, ज्याच्या काट्याजवळ नेहमी रेडिओ चालू असतो. त्याच्या ढिगातला एक दुधी मी उचलला आणि मानेशी अंगठा नेला, तर तिथं आधीच खूण. देठाच्या खाली एक नख आणि त्याच्याखाली बोटभर अंतरावर दुसरं, आडवं. बाकीच्या बायका काय करतात? सरळ पोटात नख खुपसतात, विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि मग भांडतात. मानेशी दोनदा नख लावायचं, वरचं नख कोवळेपणासाठी आणि खालचं बियांसाठी, आणि तेही बोलता बोलता, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, ही अक्कल आपल्या आईची. ती तिनं दोघींनाच दिली होती. मी माझ्या मुलीला शिकवायला गेले तर ती म्हणाली, आई, हल्ली पिशवीत बंद मिळतात. म्हणजे या धरतीवर असं नख लावणाऱ्या दोनच बायका, आणि त्यातली एक तर दुधी हातात धरून तिथं उभी होती. मी मनाशी म्हटलं, योगायोग असेल. पुढच्या रविवारी चार दुधींवर तशाच खुणा. त्याच्या पुढच्या रविवारी सहा. आणि ज्यांच्यावर खुणा, ते सगळे जून. एकही निवड चुकलेली नाही. मला राग आला तो याचा. माझ्या आधी येऊन कुणीतरी ढिगातलं कोवळं तेवढं उचलून नेतंय आणि मला नाकारलेल्यांची यादी ठेवून जातंय!

मग शेंगा. घेवड्याची शेंग कोवळी की जून हे बघायला मी टोक मोडून बघते, आणि मोडलेली टोकं खाली न टाकता गाडीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवते, कारण आई म्हणायची, दुसऱ्याच्या दारात कचरा करायचा नाही. चौथ्या रविवारी मी शेंगावालीकडे गेले तर कडेला सात टोकं ओळीनं मांडलेली. बाहुल्या निजवाव्यात तशी. मी तिला विचारलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, आजी, तुम्हीच की मगाशी. मी म्हटलं, मी आत्ता येतेय. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू माझं डोकं फिरलंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. तिकडून अंडीवालीकडे गेले. ती बोलघेवडी, तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, तुमच्याच तोंडवळ्याची एक आजी सात वाजता येतात, काठी असते हातात, अंडं कानाशी धरून हलवून बघतात आणि तुमची चौकशी करतात. काय चौकशी? तर म्हणे, ती एकटीच येते का, पिशवी कोण धरतं, फाटकाची पायरी धड चढते का, आणि अजून सगळ्यांना टोमणे मारते का. मी विचारलं, तू काय सांगितलंस? तर म्हणे, शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं.

तेव्हा मी अंडी न घेताच परत फिरले, भिंगरे. चौकशी माणूस दोन कारणांनी करतं, एक मायेनं आणि दुसरं माणूस अजून किती टिकेल याचा अंदाज घ्यायला. तुझं कोणतं ते मला कळेना. त्रेचाळीस वर्षं ज्या बहिणीनं एक निरोप धाडला नाही, ती अंडीवालीमार्फत माझ्या गुडघ्यांची खबर का काढतेय? आणि मला बरोबर चुकवून सातला येऊन आठच्या आत जातेच कशी? मी आठला येते हे तिला सांगणारं कुणीतरी घरातलंच असणार.

आता घरातली म्हणजे ही, जी हे लिहितेय. लिही ग, तुझंच चाललंय. गेले कित्येक रविवार ही मला काहीतरी करून उशीर करते. आजी, अजून थोडा चहा घे. आजी, तुझी पिशवी उसवलीय, थांब टाका घालते. आजी, बाहेर गार आहे. जी मुलगी एरवी रविवारी दहापर्यंत अंथरुणातून बाहेर येत नाही, ती साडेसहाला उठून माझी पिशवी शिवते? मी मूग गिळून बसले होते, पण लक्ष ठेवून होते. आणि मग त्या पाटीचं प्रकरण झालं. पाचव्या रविवारी मी दुधीवाल्याकडे गेले, नेहमीसारखा दुधी उचलला, त्याच्या मिशांकडे बघत पाऊस कधी येणार हे विचारलं आणि मानेशी नख लावलं. तो एकदम ओरडलाच, अहो आजी, निदान पाटी तरी वाचा! माझ्या डोक्याच्या बरोबर वर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली, त्यावर मोठमोठ्या अक्षरांत काहीतरी. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. मी पिशवीतून चष्मा काढला, नाकावर ठेवला, वर बघितलं, आणि म्हटलं, नंबर बदललाय वाटतं, काही दिसत नाही. मग या नातीनं माझ्या कानाशी लागून सांगितलं, आजी, त्यावर लिहिलंय, दुधीला नखं लावू नयेत. आदल्या तासाला तू सहा दुधी बोचकारून गेली होतीस, त्यानं चिडून पाटी लावली, आणि त्या पाटीखाली सापडले मी. तुझ्या नखांची बोलणी मी खाल्ली. लहानपणी तू मडकं फोडायचीस आणि धपाटा मला बसायचा, तसंच.

चष्म्याचं निघालंच आहे तर सांगून टाकते. हा चष्मा मला डोळ्यांच्या डॉक्टरनं दिला. समोर एक तक्ता टांगला आणि म्हणाला, वाचा. मी म्हटलं, सगळं धूसर आहे. त्यानं भिंगावर भिंग चढवलं, मी आपली धूसर म्हणतेय. शेवटी त्यानं बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा दिल्या. त्या लावल्या की मला माझाच हात परका दिसतो. त्यामुळे एरवी तो चष्मा पिशवीत असतो, आणि कुणी कागद पुढे केला की नाकावर येतो. परवा नात म्हणाली, आजी, तीन गाड्यांवरून तुला वांग्यातलं अळीचं भोक दिसतं, मग हातभर अंतरावरची पाटी कशी नाही दिसत? मी म्हटलं, वांग्याला मी ओळखते, पाटीला नाही. तिच्या कपाळावर आठी पडली. संशय घेण्याचा गुण आमच्या घरात मुलीकडून मुलीकडे जातो, हे त्यावरून तुझ्या लक्षात येईल.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हिला समोर बसवलं. फार ताणावं लागलं नाही. ही औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तीन महिन्यांपूर्वी तू तिथं सांधेदुखीचं औषध घ्यायला आलीस, हिच्या हनुवटीवरचा खळगा बघितलास आणि म्हणालीस, तू थोरलीची कोण? तुझी लेक इकडे बदलून आलीय, पुलापलीकडे तिनं घर घेतलंय, तू तिच्याकडे राहतेस, हे सगळं माझ्या नातीला तीन महिने माहीत आणि मला नाही! मी विचारलं, तिनं मला भेटायचं का नाही ठरवलं? तर हिनं तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. तू म्हणालीस, मला बघितलं तर ती बाजारात यायचंच सोडेल, आणि मग तिला धड भाजी कुठं मिळणार?

हे ऐकून मी भाजी निवडायला घेतली. हात चालू असले की तोंड आवरतं. पण आतून संशयाचा किडा गप्प बसेना. इतकी काळजी? मला तर वाटलं होतं, तू मला कधी माफ करणार नाहीस. आईच्या शेवटच्या दिवसांत मी आले नाही. तू पत्र धाडलंस, त्यात लिहून घेतलंस की आई आता चार दिवसांचीच सोबतीण आहे, ताई, मिळेल त्या गाडीनं निघून ये. आणि पत्र मिळाल्यावर मी अकराव्या दिवशी उगवले, तोवर आई गेली होती. तू दारातच उभी होतीस. माझी जाऊबाई माझ्या मागे, तुझे भावोजी सामान उतरवत होते. तू म्हणालीस, पत्र मिळालं होतं ना? मी हो म्हटलं. वाचलंस ना? मी हो म्हटलं. मग? तर मी म्हटलं, घरात कामं होती. तू एवढंच सांगितलंस, आई रोज विचारायची, थोरलीचं काही आलं का. आणि दारातून बाजूला झालीस. त्यानंतर आपण बोललो नाही. तुझं बरोबरच होतं. 'कामं होती' म्हणणाऱ्या बाईशी मीसुद्धा बोलले नसते.

गेल्या रविवारी मी सातच्या आधी बाजारात गेले. हिला घरीच ठेवलं, म्हटलं, आज पिशवी उसवलेली नाही, झोप तू. भोपळेवाल्याच्या गाडीच्या आड उभी राहिले. आता या वयात भोपळ्यामागे लपणं शोभत नाही, भोपळेवाल्यानं दोनदा विचारलं, आजी, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, चोराची. आणि तू आलीस. डाव्या हातात काठी, उजव्या हातात पिशवी, मान अजून तशीच किंचित एका बाजूला. केस मात्र माझ्यापेक्षा पांढरे, ते बघून थोडं बरं वाटलं. तू दुधीवाल्याकडे गेलीस. दुधी उचललास. त्याच्याशी काहीतरी बोलता बोलता तुझा अंगठा मानेशी गेला आणि तो गरजला, अहो आजी, पाटी वाचा, पाटी! मला वाटलं, आता ही काय करेल? कुठला चष्मा काढेल? तर तू वर बघितलंस आणि भर बाजारात, खणखणीत आवाजात म्हणालीस, बाबा, मला वाचता येत नाही, काय लिहिलंयस ते तूच सांग. त्यानं सांगितलं. तू हसलीस. म्हणालीस, असं होय, मग चुकलंच माझं, हा नख लावलेला मलाच दे. तोही हसला. त्यानं तुला एक कोवळा शोधून दिला, आणि तू पुढे गेलीस. कुणी बोट दाखवलं नाही. कुणाची मान खाली गेली नाही. आभाळ होतं तिथंच होतं. मी मात्र भोपळ्याच्या गाडीला धरून उभी होते. तुला गाठायला आले होते, पण एक पाऊल पुढे टाकता आलं नाही. रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

आता जे सांगते ते हिनं न बदलता लिहावं आणि तुझ्या लेकीनं न गाळता वाचून दाखवावं. भिंगरे, मलाही येत नाही वाचायला. कधीच येत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा वर्तमानपत्र हातात धरून मी तुला वाचून दाखवलं, आठवतं? ते आदल्या दिवशी तुझ्या भावोजींनी मोठ्यानं वाचलेलं पाठ करून आले होते. त्यांनी शिकवायचा घाट घातला होता, आठवडाभरात मी कंटाळले, पण तुझ्यासमोर आणि जाऊबाईसमोर मिरवायची हौस सुटेना. तू ते खरं धरलंस, आणि आईचं आजारपण जगभर व्हायला नको म्हणून पत्र आणणाऱ्याला ते माझ्याच हातात द्यायला सांगितलंस. ते आलं तेव्हा हे कामावर परगावी होते. जाऊबाई समोर बसली होती, तिला फडाफडा वाचता यायचं. ती म्हणाली, काय म्हणते बहीण? मी कागद उघडला, ओळींवरून डोळे फिरवले, पान उलटं धरलं नाही ना याची धाकधूक होती, आणि म्हटलं, सगळं खुशाल आहे, आई बरी आहे, यंदा वांगी खूप आलीत. आई बरी आहे, हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. मग तो कागद मी पेटीत ठेवला. हे दहाव्या दिवशी आले, त्यांनी वाचला आणि ते खालीच बसले. त्यांना मी शपथ घातली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. दारात मी तुला कामं होती म्हटलं, कारण जाऊबाई मागे उभी होती. निर्दय ठरणं मला चाललं, अडाणी ठरणं चाललं नाही. हे तुला समोर येऊन सांगायचं म्हणजे तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल, आणि ते बघायचं धाडस गोळा होईना, म्हणून हे पत्र. हिचं पेन थांबलंय. माझ्या नातीलाही हे आत्ताच कळतंय, ती माझ्याकडे बघतेय आणि मी खिडकीकडे. लिही ग, थोडंच राहिलंय. येत्या रविवारी मी सातला येईन, दुधीवाल्यापाशी उभी राहीन. तुला भेटायचं नसेल तर तू आठला ये, मी तोवर निघून गेलेली असेन आणि पुन्हा तुझ्या वेळेत येणार नाही. भेटायचं असेल तर तिथं तुला काय वाटेल ते बोल, सगळ्यांदेखत बोल. फक्त उत्तर लिहून धाडू नकोस. मला ते वाचता यायचं नाही.

तुझीच,
थोरली